पहिली दहा मिनिटं सोडा हो! संगीत महोत्सवांच्या आयोजकांना मागच्या तानपुऱ्याकडून खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या समस्त शास्त्रीय संगीत महोत्सवांची आयोजक मंडळी, त्यांच्या मीडिया कमिट्या, आणि स्टेजच्या पायाशी चिकटून उभे राहणारे कॅमेरावाले दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आपला सीझन सुरू होतो. मंडप, बैठकीचे पास, खुर्चीचे पास, कोण आधी गाणार कोण नंतर यावरून रुसवेफुगवे, हे सगळं सुरू व्हायच्या आत आणि मुख्य म्हणजे तुमचे ते मीडियाचे पास छापायला जायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाईघाईत टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी ओळख. तुम्ही मला पन्नास वेळा तरी बघितलंय पण ओळखत नाही. गाणाऱ्याच्या मागे दोन तानपुरे असतात ना, त्यातल्या एकावर मी असते. दिवसा शाळेत नोकरी, संध्याकाळी तालीम, आणि थंडीत बाईंच्या मागे (माझ्या गुरू, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) गावोगाव तानपुरा घेऊन हिंडणं, अशी सोळा वर्षं झाली. दीड तास हलायचं नाही, बोटं चालू ठेवायची आणि नजर समोर, एवढंच माझं काम. त्यामुळे समोर काय चाललंय ते मला जेवढं दिसतं तेवढं गाणाऱ्यालाही दिसत नाही, ते बिचारे डोळे मिटून असतात. आणि मला समोर काय दिसतं सांगू? लेन्सा. रसिक नंतर.

आता मुद्द्यावर येते. निवेदन संपतं (संपतं एकदाचं), शाल-श्रीफळ होतं, ग्रीनरूममध्ये लावून आणलेले तानपुरे आम्ही स्टेजवर परत लावतो कारण आतली हवा वेगळी आणि मंडपातली वेगळी, तबलजी हातोडीने ठाकठोक करून घेतात, पेटीवाले एकदा सा धरून बघतात, मग सगळं शांत होतं, बाई डोळे मिटतात आणि सा लावतात. आणि नेमक्या त्याच क्षणी तुमचा कार्यकर्ता दोरी बाजूला करतो आणि पंधरा-वीस माणसं कॅमेरे घेऊन, वाकून, गुडघ्यावर, एकमेकांच्या खांद्यावरून, स्टेजला भिडतात. कारण पासाच्या मागे छापलेलं असतं की छायाचित्रण आणि चित्रीकरण फक्त पहिली दहा मिनिटं. कुठे पंधरा असतं, कुठे पाच, पण 'पहिली' हा शब्द ठरलेला.

मी एकदा एका कमिटीतल्या काकांना विचारलं की ही पहिली दहा मिनिटं ठरवली कुणी, तर ते म्हणाले अहो सगळीकडे असंच असतं. सगळीकडे म्हणजे कुठे हो? मी शोधलं थोडं. परदेशात रॉक बँडच्या कार्यक्रमांना फोटोग्राफरांसाठी एक जुना नियम आहे, पहिली तीन गाणी आणि फ्लॅश नाही. तीन गाणी म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटं झाली. तिथे ते बरोबरच आहे. रॉकवाला सुरुवातीलाच धडाक्यात येतो, उड्या मारतो, लाइट सगळे चालू, चेहरा अजून घामाने भिजलेला नाही, ताजा आहे, तर काढा बाबा तीन गाण्यांत काय काढायचे ते फोटो आणि नंतर समोरून हटा म्हणजे तिकीट काढून आलेल्या पोरांना नाचता येईल. अगदी शहाणपणाचा नियम आहे. पण हा आपल्याकडे आणून ख्यालाला, म्हणजे आपल्या रागदारी गाण्याला, लावला, तिथे सगळी गडबड झाली, कारण ख्याल बरोबर उलटा चालतो.

बड्या, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाची पहिली दहा मिनिटं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यातले निम्मे स्वतः शिकलेले आहात. सा लागायचाय अजून. आवाज तापायचाय. गाणारा मंडप चाचपडतो, मॉनिटरमधून आपलाच आवाज कसा येतोय, आज खर्जात किती जाता येईल, तबला किती संथ धरलाय. तालाचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, मिनिटभराचं असतं कधी कधी. बंदिशीचा मुखडा तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे मनासारखा बसतो. तानेला अजून अर्धा तास अवकाश असतो. त्या सगळ्या मैफलीत गाणारा सगळ्यात जास्त उघडा असतो तो याच वेळात, पूजेला बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर माइक धरावा तसं ते वाटतं मला मागून बघताना. आणि दहा मिनिटं झाली की शिट्टी वाजल्यासारखे सगळे कॅमेरे एकदम उठून जातात, पायऱ्या दणदणतात, बॅगांच्या चेनी ओढल्या जातात, त्यात एक-दोन आवर्तनं वाहून जातात ती वेगळीच.

पुढे पाऊण तासाने जेव्हा खरं बघण्यासारखं काही होतं, तान घेताना हात वर जातो, तबलजी हसतात, सवाल-जवाब होतो, बैठकीतल्या आजोबांची मान हलते, तेव्हा स्टेजसमोर एकही कॅमेरा नसतो! दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो काय, तर डोळे मिटलेल्या बाई, तोंड अर्धवट उघडं, हात मांडीवर. दरवर्षी तोच फोटो. मला तर वाटतं फोटोग्राफर दादांनीच या नियमाविरुद्ध आधी मोर्चा काढायला हवा होता.

म्हणून माझी मागणी एका ओळीची आहे. पहिली दहा मिनिटं बंद, आणि त्याच्याआधीची पाच आणि नंतरची द्रुतची (म्हणजे जलद लयीतली) सगळी उघडी.

आधीची पाच म्हणजे वाद्यं लावायचा वेळ. तो आपण सगळे फुकट घालवतो, निवेदक तेव्हा स्पॉन्सरची नावं वाचतो. अहो पण काय सुंदर वेळ असतो तो फोटोसाठी! बाई मान तिरकी करून तानपुऱ्याला कान लावतात, जवारीचा दोरा बोटाने सरकवतात, तबलजींच्या हातात हातोडी, सगळे जागे, डोळे उघडे, कुणीतरी काहीतरी पुटपुटतं आणि हसतं. फ्लॅश मारला तरी कुणाचं काही बिघडत नाही (नाही मारलात तर बरंच). आणि ज्या पेपरवाल्या मुलांना आठ वाजता फोटो ऑफिसला पाठवायचाच असतो त्यांचीही सोय होते, मला माहितीये त्यांची डेडलाइन असते, ती पोरं काही हौसेने धावत नाहीत, दिवसाला चार असाइनमेंट असतात. त्यांना तेव्हाच काढू द्या, चहा द्या, जाऊ द्या. ज्यांना थांबता येतं त्यांना द्रुत लागल्यावर परत येऊ द्या, कडेकडेने, बसून. तराण्यात काय हवं ते करा. शेवटी टाळ्या पडतात तेव्हा स्टेजवर या हवं तर.

हे जमतं का? जमतं. एका छोट्या गावातल्या मंदिरातल्या उत्सवात आम्ही हे असंच बघितलंय, तिथे कमिटी वगैरे काही नव्हती, एक गुरुजी होते, ते कॅमेरावाल्याला म्हणाले आधी काढून घे रे बाबा मग मला त्रास देऊ नकोस. झालं. पास नाही, शर्ती नाहीत.

आता आवाजाचं. जुन्या कॅमेऱ्यांत आतला आरसा वर उडतो त्याचा तो खट्ट आवाज, एकटा असेल तर कळत नाही, पण वीस जण एकदम समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, खटाखट सुरू करतात (समच बरोबर कळते त्यांना, कौतुकच आहे) तेव्हा मंद्रातला षड्ज (खालचा सा) कुठे शोधायचा? आता मिररलेस आलेत, त्यात आवाज पूर्ण बंद करता येतो, फक्त काही एलईडी लाइटखाली तसा फोटो काढला तर पट्टे येतात म्हणून पुष्कळ जण तो मोड वापरत नाहीत. म्हणजे गोष्ट परत आयोजकांकडेच आली. लाइटवाल्याला आधीच सांगा चांगले न लुकलुकणारे दिवे आण, म्हणजे फोटोवाला मुकाट्याने आवाज बंद करून काढेल. ही असली साखळी कुणीतरी एकाने बसून विचार करायला हवी ना, नुसतं 'शांतता राखा' छापून काय होतं.

लाइटवरून आठवलं. व्हिडिओसाठी कुणी कुणी स्वतःचे मोठाले दिवे आणतात आणि थेट स्टेजवर मारतात. त्यांना वाटत असेल उजेडाने काय होतंय. दादा, तार गरम झाली की सैल पडते, म्हणजे तानपुरा उतरतो. आणि तबल्याचं कातडं गरम झालं की ताणतं, म्हणजे तबला चढतो. एक खाली चाललाय, एक वर चाललाय आणि मध्ये गाणारा माणूस बसलाय! मी एकदा अर्ध्या तासात चार वेळा तार चढवली आहे, गाणं चालू असताना, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं की तानपुरे नीट लागले नव्हते. तो दिवस मी विसरलेली नाही. सोडा.

चॅनलवाल्यांबद्दल थोडं. तुमचे ते लोगोवाले माइक बाईंच्या पुढ्यात आणून ठेवायची काय गरज असते मला खरंच कळत नाही, पत्रकार परिषद आहे का ती? साउंडवाल्याच्या कन्सोलवरून एक लाइन काढून दिली, एका डब्यात दहा-बारा जॅक लावायची सोय केली की प्रत्येकाला स्वच्छ आवाज मिळतो, आणि हा डबा काही फार महाग नसतो, भाड्यानेही मिळतो. पण साउंडवाल्याला हे कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कळतं, तेव्हा तो वैतागून नाही म्हणतो, मग चॅनलवाले माइक घेऊन स्टेजवर. दरवेळी हेच.

आता कायद्याचं, कारण या विषयात दोन्ही बाजूंनी भयंकर थापा चालतात. पाटी असते 'चित्रीकरण व ध्वनिमुद्रणास सक्त मनाई, कायदेशीर कारवाई केली जाईल'. कुठल्या कायद्याने ते कुणी सांगत नाही. तर मी वाचलाय, सुट्टीत दुसरं काय करणार. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा स्वतःचा हक्क आला, कलम ३८. म्हणजे माझ्या सादरीकरणावर माझा हक्क, माझ्या परवानगीशिवाय ते रेकॉर्ड करून विकायचं नाही, प्रसारित करायचं नाही, आणि तो हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ मध्ये त्यात आणखी भर पडली, आता कलाकार म्हणू शकतो की माझं नाव द्या, आणि माझ्या गाण्याची मोडतोड करून माझी अब्रू जाईल असं काही करू नका.

कलाकार म्हणजे कोण याची व्याख्या वाचून मला हसू आलं, त्यात गायक, वादक, नर्तक, जादूगार, कसरतवाले, अगदी गारुडीसुद्धा नावानिशी आहे. वादकात मी आलेच की! म्हणजे नियमाने बघायला गेलं तर मागच्या तानपुऱ्यालाही विचारायला हवं. विचारू नका, मी हो म्हणेन, पण निदान यादीत नाव तरी घाला. तबलजींचं असतं, पेटीवाल्यांचं असतं, आमचं 'तानपुरा – शिष्यवर्ग'.

पण त्याच कायद्यात पुढे कलम ३९ आहे आणि ते आयोजक कधी सांगत नाहीत. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग, किंवा खरोखर शिकण्या-शिकवण्यासाठी केलेलं, त्याने कलाकाराच्या या हक्काचा भंग होत नाही. आणि बातमीत किंवा समीक्षेत सादरीकरणातला छोटा तुकडा रास्तपणे वापरला तर तेही चालतं. म्हणजे बातमीवाल्याने तीस सेकंदांची क्लिप दाखवली म्हणून त्याच्या अंगावर धावून जायचं कारण नाही. तुमचा मंडप आहे, तिकिटावर तुम्ही अट घालू शकता की मोबाइल काढायचा नाही, ते तुमचं घर आहे, घरचे नियम पाळू आम्ही, पण मग तसं सांगा. कायदा कायदा करून बैठकीतल्या सत्तरीच्या आजींना घाबरवू नका, त्यांनी नातीला दाखवायला दोन मिनिटं काढलं होतं फक्त. (हे मी बघितलंय, तुमच्या त्या पट्टा लावलेल्या मुलाने त्यांचा फोन हातातून घेतला, आणि त्याच वेळी स्पॉन्सरच्या क्रूचा जिब माझ्या डोक्यावरून फिरत होता.)

हा जिब प्रकार. लांब क्रेनच्या टोकाला कॅमेरा. अधिकृत असल्यामुळे त्याला काहीच नियम नाहीत. पत्रकारांना दहा मिनिटं, रसिकांना शून्य, आणि ज्याने पैसे दिले त्याला तीन दिवस अखंड. तो प्रेक्षकांच्या डोक्यावरून येतो, बाईंच्या चेहऱ्यापर्यंत झुकतो, परत जातो, एखादा बगळा मासा शोधतोय असं वाटतं. मागे बसलेल्यांना स्क्रीनवर छान दिसतं हे मान्य, पुण्यातल्या मुकुंदनगरसारख्या मोठ्या मैदानावर लांब बसणाऱ्याला स्क्रीनशिवाय गत्यंतर नाही हेही मान्य. पण ते दोन कडेचे स्थिर कॅमेरे ठेवूनही होतं. त्या बगळ्याची काय गरज आहे विलंबितात, म्हणजे त्या संथ भागात?

आणि त्या अधिकृत क्रूसाठी सही कधी घेतात? आत जायच्या दहा मिनिटं आधी, ग्रीनरूममध्ये. बाई कोमट पाणी पितायत, आ करून आवाज बघतायत, तेवढ्यात एक मुलगा फाइल घेऊन येतो, ताई इथे एक सही, फॉर्मॅलिटी आहे. मी वाचला एकदा तो कागद. जगभरात, सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढे शोध लागतील त्या सर्व तंत्रांत, कायमस्वरूपी. पुढे शोध लागतील त्या! मानधनाच्या पाकिटावर दोन तासांच्या गाण्याचे पैसे आणि कागदावर सात पिढ्यांचा सौदा. कोणाचं नाव घेत नाही, एकच महोत्सव असा आहे असंही नाही. माझं म्हणणं एवढंच की हा कागद महिनाभर आधी घरी पाठवा. त्यात लिहा की लाइव्ह जाणार का, कुठे जाणार, नंतर किती दिवस राहणार, तुकडे कोण पाडणार आणि पाडलेला तुकडा आधी कलाकाराला दाखवणार का. बाई हो म्हणतील बहुतेक, त्या काही जुन्या वळणाच्या नाहीत, त्यांना स्वतःचं गाणं अमेरिकेतल्या भाचीने लाइव्ह बघितलं याचा केवढा आनंद झाला होता.

पण तुकड्यांची भीती खरी आहे. मागे एकदा बाई तापातून उठून गायला बसल्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत (हो, त्याच) तार षड्जावर आवाज फाटला. गाण्यात होतं असं, त्यांनी हसून खोकून परत घेतला आणि पुढे पाऊण तास असा काही मारवा मांडला की मी मागे बसून रडत होते. त्या मारव्याचं एक मिनिट कुठे नाही. फाटलेला षड्ज मात्र रात्री साडेअकराला फिरायला लागला, खाली कुणीतरी लिहिलं 'आता थांबायला हवं'. ज्यांनी टाकलं ते पत्रकार होते की आणखी कुणी मला माहीत नाही. बाईंनी पुढचे दोन कार्यक्रम रद्द केले, आवाज ठीक असून. आता सांगा, कायद्यातल्या त्या अब्रूच्या कलमाचं काय लोणचं घालायचं? कायदा तर असंही म्हणतो की वेळेत बसवण्यासाठी नुसतं कापलं तर ती मोडतोड धरत नाहीत. बरोबर आहे, नाहीतर बातमीच करता येणार नाही. पण म्हणूनच ती पहिली दहा मिनिटं कॅमेऱ्याशिवाय जाऊ द्या म्हणतेय मी, कापायलाच काही मिळणार नाही.

इथे कुणीतरी म्हणेल की मग सगळंच बंद करा, परदेशात फोन पिशवीत घालून कुलूप लावतात तसं. तशा पिशव्या आहेत खऱ्या, योंडर नावाची कंपनी करते, मोठमोठे गायक वापरतात. पण मी याच्या विरोधात आहे आणि का ते सांगते.

मी जे काही थोडंफार गाते ते निम्मं चोरीच्या रेकॉर्डिंगवर शिकलेय. चोरीच्या म्हणजे कुणा रसिकाने मांडीवर शाल पांघरून त्याखाली टेपरेकॉर्डर ठेवून केलेल्या. आमच्या बाईंकडे कॅसेटींचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यावर बॉलपेनने राग आणि गाव लिहिलंय, मध्येच खोकला, मध्येच कुणाचं बाळ, मध्येच कॅसेटची बाजू बदलते आणि तान अर्धी तुटते. आपल्या संगीताचा केवढा तरी इतिहास अशा डब्यांत आहे. गायिका केसरबाई केरकर, आपल्या गोव्याच्या केरीच्या, त्या रेकॉर्डिंग आणि रेडिओ यांच्यापासून चार हात लांबच राहिल्या, आणि तरी त्यांच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीची एक तबकडी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांवरून अवकाशात गेली, त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी तर रेकॉर्डिंगच नको म्हटलं, आज त्यांचं जे काही थोडं ऐकायला मिळतं त्याला कारण कुणीतरी गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग. त्यांनी नको म्हटलं होतं ते मी कानाला लावून ऐकते, आणि मला लाजही वाटते आणि मी ते बंदही करत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पिशवीला कुलूप लावणारा माणूस मला माझ्या त्या डब्याला कुलूप लावणारा वाटतो, एवढं खरं.

यातून एक मधला रस्ता आहे तो म्हणजे महोत्सवाने स्वतः नीट रेकॉर्ड करायचं आणि जपायचं. स्वित्झर्लंडमधला माँत्रोचा जॅझ महोत्सव १९६७ ला सुरू झाला, त्यांनी वर्षानुवर्षं सगळं उत्तम दर्जात टिपून ठेवलं, ५००० तासांच्या वर आहे ते, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली. आपला सवाई गंधर्व महोत्सव त्यांच्याही आधीचा हो! १९५३ ला पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या नावाने सुरू केला. कोलकात्याचं डोव्हर लेन त्याच सुमाराचं, जालंधरचं हरिवल्लभ तर १८७५ पासून. जेव्हा रात्र रात्र गाणं चालायचं, पहाटेचे राग खरोखर पहाटे गायले जायचे, आत्ता दहाच्या ठोक्याला लाउडस्पीकर बंद म्हणून ते सगळं गेलं, ते ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानात राहिलं आणि काही पत्र्याच्या डब्यांत. पुढच्या पन्नास वर्षांचं तरी डब्यांच्या भरवशावर नको. प्रत्येक महोत्सवाने, अगदी तालुक्याच्या गावातल्यानेसुद्धा, कन्सोलवरून सरळ आवाज घ्यावा, एक स्थिर कॅमेरा लावावा, एक प्रत कलाकाराला द्यावी आणि एक ठेवावी, नंतर विद्यार्थ्यांना बसून ऐकू द्यावं. मग बैठकीतल्या माणसाला चोरून काढायची वेळच येणार नाही. आली तरी काढेल थोडं, काढू दे.

मोठ्या डान्स म्युझिकच्या फेस्टिवलांना हे पत्र नाही बरं का. २००७ ला कांदोळीच्या किनाऱ्यावर जे सनबर्न सुरू झालं तिथे स्क्रीन, धूर, हात वर करून धरलेले हजारो फोन हा त्या खेळाचाच भाग आहे, तिथे पहिली तीन गाणी काय आणि शेवटची तीन काय. माझा भाचा जातो, मजा करतो.

हां, एक मात्र सगळ्यांनाच. ड्रोन. उघड्यावरच्या एका कार्यक्रमात, घाटावर, संध्याकाळची वेळ, पूरिया राग चालू, आणि वरून गुंईंईं करत तो आला. इंग्रजीत तानपुऱ्याच्या सुराला ड्रोनच म्हणतात हे तुम्हाला माहीत असेल, तर त्या दिवशी दोन ड्रोन होते आणि दोघांचे सा वेगळे. बाईंनी गाणं थांबवून वर बघितलं, लोक हसले, बाईही हसल्या, मला नाही हसू आलं कारण माझ्या बरोबर डोक्यावर होता तो. २०२१ चे ड्रोनचे नियम आहेत, कुठे उडवायचा कुठे नाही याचे नकाशे आहेत, विमानतळाजवळ तर परवानगीशिवाय नाहीच, पण ते बाजूला ठेवा, नुसता सुराचा विचार केला तरी पुरे आहे.

तर मीडिया कमिटीच्या दादा-ताईंनो, पास छापायला टाकाल तेव्हा मागच्या बाजूचा तो मजकूर एकदा बदलून बघा. एक सीझन. 'वाद्ये लागत असताना या, विलंबितात बसून ऐका, द्रुत सुरू झाल्यावर पुन्हा या.' विलंबित संपलं हे कसं कळणार असं एका कॅमेरावाल्या मुलाने मला विचारलं होतं, प्रामाणिक प्रश्न आहे. माझ्याकडे बघ म्हटलं, मी मान हलवेन.

तुमची,
मागच्या तानपुऱ्यावरची

ता.क. गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत पान भरून जो फोटो छापलाय, ज्यात बाई समेवर आल्यात आणि मागे मी जांभई देतेय, तो या वर्षी बॅनरवर घेणार आहात असं कानावर आलंय. कलम ३८ मी वर सांगितलंच आहे.